दीपगृहाचे गुणदोष

खारवली क्रीडा मंडळाने एका मोसमासाठी आपल्या बास्केटबॉल संघात कासवटोकावरील दीपगृहाला करारबद्ध केले, आणि त्याचे गुणदोष तपासून लेखी अभिप्राय देण्याचे काम माझ्याकडे सोपवले.

हे काम माझ्याकडे येणे स्वाभाविक होते. खारवलीच्या शाळेत मी मराठी शिकवले, पुढे मुख्याध्यापिका झाले आणि तेथूनच निवृत्त झाले. गावात कोणी नवीन आले, मग तो देवळातला पुजारी असो की वाचनालयातला मदतनीस, की त्याच्याविषयी माझा शेरा मागवण्याची येथे पद्धत आहे. मी कृपागुण देत नाही, हे सर्वांना माहीत आहे. ‘ठीक’ हा शेरा मी आयुष्यात कधी लिहिला नाही. तो ज्याने विद्यार्थ्याकडे पाहिलेलेच नसते, त्या शिक्षकाचा शेरा असतो.

दीपगृह मोकळे झाले होते, म्हणून ते संघाला मिळाले. टोकावर पोलादी खांब उभा करून त्यावर आपोआप लागणारा दिवा बसवण्यात आला होता, आणि जुने बांधकाम दिवाळीनंतर पाडावे असा वरून हुकूम आला होता. संघाचे प्रशिक्षक भार्गव टेमकर टपाल कचेरीत काम करतात. ते एका रविवारी टोकावर गेले आणि त्यांनी दीपगृहाला सरळ विचारले. दीपगृहाने विचार करायला आठवडाभर मागून घेतला आणि मग होकार दिला.

टोकावरून मैदानापर्यंत ते चालत आले. वाटेत वीज मंडळाने तारा उतरवून ठेवल्या होत्या. जिल्हा संघटनेने नियमावली तपासली. खेळाडूच्या उंचीला कमाल मर्यादा नाही, असा लेखी निर्वाळा दिला. गणवेशाचा प्रश्न अन्वर शिंप्याने सोडवला. शिडाचे कापड जोडून त्याने आठ क्रमांकाची जर्सी शिवली, आणि माप घेताना दीपगृहाने श्वास रोखून धरला होता, असे तो आजही कौतुकाने सांगतो.

करार फक्त जिल्हास्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंतचा होता. त्यापुढे त्याला कायम करायचे की नाही, हे माझ्या शेऱ्यावर ठरणार होते. शेरा प्रतिकूल आला तर मंडळ त्याचे नाव कमी करणार आणि पाडकाम ठरल्याप्रमाणे होणार. मंडळाचे कार्यवाह नाना शिवलकर यांनी हे मला सर्वांसमक्ष समजावून सांगितले. दीपगृह तेथेच उभे होते. शिवलकर माझे विद्यार्थी. समोर कोण उभे आहे ते पाहून बोलावे, हे मी त्यांना सातवीत शिकवले होते. त्या दिवशी ते बहुधा गैरहजर असावेत.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी मी खुर्ची घेऊन मैदानाच्या कडेला बसले. सराव सुरू व्हायचा होता. दीपगृह आमच्या रिंगखाली उभे होते.

“बाई,” ते म्हणाले, आणि त्याचा झोत समुद्राकडे वळला. मी थांबले. झोत फिरून माझ्यापर्यंत आला. “एक विचारू?”

“विचारा.” वयाने ते माझ्यापेक्षा बरेच मोठे असल्यामुळे मी त्याला अहोजाहो करत असे.

“मला फक्त,” झोत गेला, मी पदर सारखा केला, झोत आला, “उंचीसाठी घेतले का?”

हा प्रश्न मला नवा नव्हता. वर्गातली उंच मुले पहिल्याच दिवशी मागच्या बाकावर जातात. प्रार्थनेच्या रांगेतही शेवटी. नाटकात त्यांना झाड करतात. दहा वर्षे त्यांना कोणी दुसरे काही विचारत नाही, आणि मग ती मुले खांदे पाडून चालू लागतात. दीपगृहाला खांदे नाहीत, पण मला ते दिसले.

“उंची तर आहेच,” मी म्हणाले. “ती तुमची कमाई नाही. बाकीचे काय आहे ते पाहायला मी आले आहे.”

“मी पास” — पुन्हा समुद्र, पुन्हा मी — “होईन का?”

“निकाल मी आधी सांगत नसते.”

ते यावर खूश झाल्यासारखे वाटले. नियमाने वागणारी माणसे त्याला आवडतात, हे पुढे माझ्या लक्षात आले.

आता निरीक्षणे. दीपगृह एकदा उभे राहिले की हलत नाही. चेंडू आमच्याकडे आला की इतर चौघे पलीकडे धावतात, ते मात्र येथेच थांबते. प्रतिस्पर्ध्याच्या रिंगजवळच्या रंगवलेल्या भागात तीन सेकंदांहून अधिक थांबणे हा नियमभंग असतो, पण स्वतःच्या रिंगखाली कितीही वेळ उभे राहता येते. त्यामुळे त्याच्या या स्थैर्याविरुद्ध कोणालाही तक्रार करता आली नाही. पंचांशी ते हुज्जत घालत नाही. पाणी मागत नाही. सरावाला उशिरा येण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ते सरावाहून जातच नसे.

चेंडू हाताळण्यात मात्र ते मंद होते. त्याला हात नाहीत. त्याच्या माथ्याशी लोखंडी कठड्याचा सज्जा आहे. उंच उडालेला चेंडू त्या सज्ज्यात पडे, आतल्या दारातून घरंगळे आणि गोल जिन्याच्या पायऱ्यांवर टप्पे घेत खालच्या दारातून बाहेर येई. याला ड्रिबल म्हणावे का, यावर पहिल्याच सामन्यात वाद झाला. पंचांनी दाराला कान लावून ऐकले आणि चेंडू एकेक टप्पा घेत आहे, सबब हा ड्रिबलच, असा निर्णय दिला. पण जिना मोठा. चोवीस सेकंदांत चेंडू रिंगकडे फेकला गेला पाहिजे, हा नियम असताना पुष्कळदा तेवढा वेळ जिन्यातच संपून जाई.

“बत्तीकाका, जरा लवकर!” कर्णधार इम्तियाज मुकादम दाराशी ओरडे. मुले त्याला बत्तीकाका म्हणत.

“पायऱ्या,” झोत जाई, येई, “झिजलेल्या आहेत. घाई केली तर घसरेल.”

“चेंडूच आहे ना काका, घसरू दे की!”

“माझ्या जिन्यावरून,” समुद्र, “आजवर कोणी घसरले नाही.”

सर्वांत गंभीर दोष मला तिसऱ्या दिवशी आढळला. प्रतिस्पर्धी खेळाडू चेंडू घेऊन आमच्या रिंगकडे धावू लागला, की दीपगृह त्याला सावध करी. दोन झोत आणि मग अंधार. ही कासवटोकाची खूण. समोर खडक आहे, डावीकडे वळा, असा तिचा अर्थ. ज्याला अडवायचे त्यालाच इशारा द्यायचा, हे कोणत्याही खेळाच्या शास्त्रात बसत नाही. मी तसे लिहिले: प्रतिस्पर्ध्यास सावध करते.

टेमकरांनी ते वाचले आणि ते अस्वस्थ झाले.

“बाई, अहो, ह्याच्यामुळेच तर आपण जिंकतोय!”

ते खरे होते. जिल्ह्यातले बहुतेक संघ बंदरांवरचे. त्यांतली मुले बोलायला लागण्याआधी होडीत बसलेली. दोन झोत डोळ्यांवर पडले, की त्यांचे पाय आपोआप डावीकडे वळत. चेंडू टपटपवत ती रिंगला वळसा घालत आणि सरळ मैदानाबाहेर जात. उपांत्य सामन्यात एक उमदा मुलगा तर तसाच मासळीबाजारापर्यंत गेला. त्यांचे प्रशिक्षक कपाळाला हात लावून बसले, पण मुलांना दोष देईनात. त्यांचे स्वतःचेही पाय वळत होते.

“जिंकणे हा परिणाम आहे, भार्गव,” मी म्हणाले. “मी स्वभाव तपासते आहे. परीक्षेत शेजाऱ्याला उत्तर सांगणाऱ्या मुलाचा शेजारी नापास झाला, म्हणून सांगणे बरोबर ठरत नाही.”

टेमकरांनी कागद परत दिला. तेही माझेच विद्यार्थी.

अंतिम सामना उंबरपठारच्या संघाशी होता. उंबरपठार घाटावर, पार आत. तेथली मुले मिनीबसने आली, उतरल्या उतरल्या समुद्र पाहून आली, आणि येताना पायांना वाळू घेऊन आली. मोठी अदबशीर मुले. त्यांचा कर्णधार रणधीर खराडे याने माझ्या पाया पडून विचारले, “बाई, ह्यो मनोरा मॅच संपस्तवर हितंच असतोय का?”

“ते आमचे आठ क्रमांकाचे खेळाडू आहेत.”

“असं व्हय,” तो म्हणाला, आणि जाऊन त्याने दीपगृहाच्या पायरीला हात लावून नमस्कार केला.

सामना सुरू झाला. खराडेने चेंडू घेतला, दोघांना चकवले आणि तो रिंगकडे निघाला. दीपगृहाने दोन झोत टाकले. खराडे वळला नाही. दीपगृहाने पुन्हा दोन झोत टाकले, इतके प्रखर की माझ्या चष्म्यावर ते काही वेळ राहिले. खराडे सरळ आला आणि पूर्ण वेगाने दीपगृहावर आदळला.

मोठा आवाज झाला. त्याची भुवई फुटली. पंचांनी शिटी वाजवून हात वर केला: दीपगृह आधीपासून जागेवर उभे होते, खराडे त्याच्यावर धावून गेला, म्हणून फाऊल खराडेचा. निर्णय नियमाला धरून होता. आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दीपगृहाचा दिवा विझला.

मध्यंतरापर्यंत तो लागला नाही. गुणफलक बरोबरीत होता. उंबरपठारची दुसरी मुलेही सरळ येत राहिली, अंधारातल्या भिंतीला चाचपून बाजूने जात राहिली, आणि आमचा संघ गोंधळून गेला. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात. दीपगृहाने आता मैदानाच्या दुसऱ्या टोकाला चालत जायचे होते, पण ते निघेना.

“बाई, तुम्हीच बघा,” टेमकर म्हणाले. “माझं ऐकत नाही.”

शिवलकर मागून म्हणाले, “मी आधीच म्हणालो होतो. दगडाचं काम ते. आज हरलो ना, तर उद्याच कळवून टाकतो, पाडा म्हणून.”

“नाना,” मी म्हणाले, “खाली बस.”

ते बसले. मी दीपगृहाच्या पायरीवर जाऊन बसले. झोत बंद असल्यामुळे ते प्रथमच सलग बोलत होते.

“त्या मुलाला मी दिसलो नाही का?”

“दिसलात.”

“मग तो आदळला कसा? माझ्यावर आजवर काही आदळलेले नाही. धुक्यात नाही, वादळात नाही. एकदा परदेशी जहाज होते, कप्तान झोपलेला होता, तोही वळला. माझ्यावर आदळू नये, एवढेच माझे काम होते, बाई. मला दुसरे काही येत नाही.”

“त्याला तुमच्या खुणेचा अर्थ माहीत नाही. त्यांच्याकडे समुद्र नाही.”

सज्ज्यात वारा वाजत होता. “मग दोष माझा,” ते म्हणाले. “ज्याला कळत नाही त्याला मी सांगतच राहिलो.”

“दोष कोणाचा ते मी ठरवते,” मी म्हणाले. “जे शिकवलेच नाही ते कोणाला येत नाही, एवढी साधी गोष्ट आहे ही. तुम्ही पलीकडे चला. दिवा लावा. बाकीचे माझ्याकडे लागले.”

“तो पुन्हा येईल?”

“येईल. तो चांगला खेळाडू आहे.”

दीपगृह उठले. म्हणजे, निघाले. मैदान हलले, लोकांनी पाय वर घेतले. मी उंबरपठारच्या बाकाकडे गेले. शिवलकर आणि इम्तियाज दोघेही माझ्यामागे धावले.

“बाई, कुठं निघालात? आपला डाव त्यांना सांगणार?” शिवलकरांचा आवाज फाटला होता.

“धडा सांगणार आहे.”

“अहो, पण हरलो तर त्यालाच पाडतील! तुम्हीच तर—”

“नाना, त्याला वाचवायचे म्हणून त्याच्यावर मुले आपटू द्यायची, असे तुझे म्हणणे आहे का? पूर्ण वाक्यात सांग.”

त्यांना पूर्ण वाक्य जमले नाही. इम्तियाज एवढेच म्हणाला, “जाऊ द्या बाईंना. काका मघापासून रडतोय. जिन्यात पाणी आलंय.”

उंबरपठारची मुले अर्धवर्तुळात बसली. खराडेच्या भुवईवर पट्टी होती. मी त्यांना खडक म्हणजे काय, भरतीत तो कसा दिसत नाही, रात्री परतणाऱ्या होडीला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे सांगितले. दोन झोत म्हणजे डावीकडे. मग एकेकाला विचारले. एकाने उजवीकडे सांगितले. त्याला पुन्हा विचारले.

“म्हंजे बाई,” खराडे म्हणाला, “ते आम्हांस्नी भ्या दावत नव्हतं?”

“नाही.”

“लागू नये म्हणून सांगत हुतं?”

“तेच.”

त्याने पट्टीला हात लावला. “आमच्या प्रशिक्षकानं बी असं कदी सांगितलं न्हाई,” तो म्हणाला, आणि त्यांचे प्रशिक्षक दुसरीकडे पाहू लागले.

उत्तरार्धात दीपगृहाचा दिवा लागला. खराडे आला, दोन झोत पडले, तो डावीकडे वळला. मैदानभर सुस्कारा ऐकू आला. तो माणसांचा नव्हता. त्यानंतर उंबरपठारच्या कोणीही रिंगजवळ येण्याचा प्रयत्न केला नाही. बंदरावरच्या मुलांसारखी ती बाहेरही गेली नाहीत, कारण ती सवयीने वळत नव्हती. समजून वळत होती. वळून, थांबून, लांबून चेंडू फेकत होती. घाटावरच्या मुलांचा हात लांबचा असतो. फेकीमागून फेकी पडू लागल्या. आमची मुलेही इरेला पेटली. शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणाने मागे होतो.

मग खराडेने लांबून फेकलेला चेंडू रिंगला लागला, उंच उडाला आणि दीपगृहाच्या सज्ज्यात पडला. चेंडू आमचा झाला. एक बास्केट, आणि करंडक खारवलीचा.

चेंडू जिन्याला लागला.

इम्तियाज दाराशी येऊन उभा राहिला. त्याच्या मागे आमचे तिघे. मग उंबरपठारचे पाचही तेथेच आले, कारण दुसरीकडे अडवण्यासारखे काही नव्हते. पंच आले. आतून टप्पे ऐकू येत होते. टप्. टप्. सावकाश, प्रत्येक पायरीवर, एकही न गाळता. पंचांच्या घड्याळाकडे कोणी पाहिले नाही. शिवलकर खुर्चीवर उभे राहून ओठ हलवत होते. “काका,” इम्तियाज हळूच म्हणाला, “सावकाश. घसरू देऊ नका.”

सामना संपल्याची शिटी वाजली तेव्हा चेंडू अजून आतच होता. नंतर तो दारातून बाहेर आला आणि इम्तियाजच्या पायाशी थांबला.

“उशीर,” झोत समुद्राकडे गेला. आम्ही सगळे, दोन्ही संघ, तो परत येईपर्यंत थांबलो. “झाला का?”

“झाला,” मी म्हणाले.

“कोणी” — समुद्र — “आपटले?”

“नाही. कोणीही नाही.”

त्याचा पुढचा झोत मी पाहिला, आणि शिकवण्याच्या इतक्या वर्षांत अशी चर्या मी पुष्कळ मुलांची पाहिली आहे: निकालाच्या दिवशी नव्हे, तर बेरीज पहिल्यांदा जुळते त्या दिवशी.

करंडक उंबरपठारला गेला. निघताना खराडे मला म्हणाला, “पुढल्या वर्साला आम्ही आलो, तर ते असंल न्हवं?” मी निकाल आधी सांगत नसते, म्हणून मी त्याला नीट घरी जा म्हणाले. मिनीबस घाट चढू लागली, तेव्हा प्रत्येक वळणाआधी दीपगृह तिच्यावर दोन झोत टाकत होते. बस वर पोहोचेपर्यंत हॉर्न ऐकू येत राहिला.

मंडळाची बैठक त्याच संध्याकाळी मैदानातच भरली. शिवलकरांनी कागद पुढे केला. मी शेरा लिहिला आणि वाचून दाखवला, कारण माझे अक्षर सुवाच्य असले तरी शिवलकरांच्या वाचनाविषयी मला खात्री नव्हती.

“गुण: उंची. हा जन्मजात असल्यामुळे त्याचे श्रेय देण्यात आलेले नाही. स्थैर्य. नियमपालन. चेंडूची काळजी. दोष: गती नाही. बोलताना लक्ष समुद्राकडे जाते. प्रतिस्पर्ध्यास सावध करते. यांपैकी शेवटचा दोष सुधारू नये. वरच्या वर्गात घातले आहे.”

शिवलकरांनी कागद उलटून पाहिला. मग म्हणाले, “बाई, पण हरलो ना आपण?”

“हरलो,” मी म्हणाले. “सही कर.”

त्यांनी सही केली. पाडकामाचा हुकूम, ते बांधकाम आता संघाचे कायम खेळाडू असल्याचे कळवून, परत पाठवण्यात आला, आणि त्याला उत्तर आले नाही.

तेव्हापासून दीपगृह मैदानावर असते. टोकावरचा पोलादी खांब आपले काम बरोबर करतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आमचे नाखवे त्याच्याकडे पाहत नाहीत. ते सायंकाळी मैदानाचाच झोत धरून बंदरात शिरतात. मध्यंतरानंतर मात्र दीपगृह दुसऱ्या टोकाला जात असल्यामुळे होड्यांना तेवढे अंतर सोडून वळावे लागते. म्हणून मोसमाचे वेळापत्रक छापले, की त्याची पहिली प्रत मासेमारी संस्थेच्या फळ्यावर लावतात. मागच्या रविवारी सामना बरोबरीत सुटून जादा वेळ खेळवावा लागला, तेव्हा सगळ्या होड्या उजेडात ओळीने थांबलेल्या होत्या. पण जादा वेळेत बाजू बदलत नाहीत, हे आता बंदरावर सर्वांना ठाऊक आहे, आणि त्या एकेक करून आत आल्या.